आडवा पाय

१

मागचं दार उघडणं ही त्या घरात एक कसरत होती आणि ती फक्त काकूंना जमायची. एका हातात दाण्यांचं भांडं, दुसऱ्या हातात पाण्याची थाळी. कडी कोपराने सरकवायची, दार कमरेने ढकलायचं आणि त्याच झटक्यात उजवा पाय उंबऱ्यावर आडवा टाकायचा. दार किलकिलं व्हायचा अवकाश, घारी मांजर कुठूनशी बाणासारखी यायची आणि त्या पायावर आदळायची. मग आपण आदळलोच नाही, लाडात आलो होतो, असं भासवत घोट्याशी अंग घासत राहायची.

"कळतात हो तुझे लाड," काकू म्हणायच्या. पायानेच तिला आत सारून त्या बाहेर निसटायच्या आणि दार ओढून घ्यायच्या.

परसात एक बुटकं झाड होतं, भिंतीलगत झुडपं होती, आणि फांदीला टांगलेलं दाण्यांचं भांडं होतं. सकाळी दोनेक तास आणि उन्हं उतरल्यावर तासभर तिथे पाखरांची झुंबड उडायची. तेवढा वेळ घारी घरात. आधी तिला पोटभर खायला घालायचं, मग दोरीला चिंधी बांधून दमेपर्यंत पळवायचं. पाखरं पांगली की दार मोकळं. अकरा वर्षांत घारीने फार तर दोन चिमण्या मारल्या असतील, आणि दोन्ही वेळा काकू दिवसभर कुणाशी बोलल्या नव्हत्या.

काका हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून चहा पीत बघायचे. एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांची एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुण्यात आणि बरण्यांना चिठ्ठ्या डकवण्यात गेली होती. निवृत्त झाले तरी सारी गल्ली त्यांना लॅबकाकाच म्हणायची. दाराचं काम त्यांचं नाही, असं कुणी कधी ठरवलं नव्हतं. ते आपलं तसं चालत आलं होतं.

मग काकूंचं हृदय थकलं, पायांना सूज आली आणि आठ महिन्यांच्या दुखण्यानंतर त्या गेल्या.

मुलीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, आईच्या पाखरांना दाणे घालत जा हं." म्हणून काका न चुकता दाणे घालत. दार मात्र दिवसभर सताड उघडं. पहिली चिमणी चटईवर सापडली तेव्हा त्यांनी ती कागदात गुंडाळून झाडाखाली पुरली. दुसरीही पुरली. शेवटी एके सकाळी शेजारच्या गाण्याच्या बाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काका, राग मानू नका. पण तुम्ही पाखरांना दाणे घालताय, की घारीला पाखरं?"

काकांनी हात मागे घेतला. त्यांच्या मुठीत तेव्हा सहावी चिमणी होती.

२

दुसऱ्या दिवसापासून काकांनी कंबर कसली. दाण्यांचं भांडं झुडपांपासून लांब आणि उंच टांगलं. पाखरांना लांबूनच दिसावी म्हणून गाण्याच्या बाईंनी जुन्या ओढणीची एक भडक झालर शिवून दिली, ती घारीच्या गळ्यात बांधली. तासभर ती सर्कशीतल्या राणीसारखी मिरवली. मग झालर पलंगाखाली सापडली आणि राणी कपाटावर.

दाराचं काही जमेना. कडी सरकवावी तर भांडं तिरपं होई, भांडं सांभाळावं तर पाय भलतीकडे पडे. पहिले तीन दिवस घारी त्यांच्या दोन पायांमधून आरामात निघून गेली. दाराला टेकून काका स्वतःशीच म्हणाले, "कसं करत होतीस गं हे?"

चौथ्या दिवशी दार ढकलताना थाळीतलं पाणी हिंदकळून त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. ते खाली बघतात तोवर घारी निघालेली. बाहेर पाचसहा चिमण्या दाणे टिपत होत्या.

घारी उंबऱ्यावर थडकली.

आपण होऊन थांबली असती तर काकांनी मनावर घेतलं नसतं. पण ती थडकली. डोकं एका बाजूला कलंडलं, मिशा गालांना चिकटल्या, मागचे पाय फरशीवर घसरले. क्षणभर ती वरमल्यासारखी उभी राहिली. मग तिने गाल पुढे केला. गाल, मग मान, मग कूस, मग शेपूट. उंबऱ्यापासून वीतभर उंचीवर ती कशाला तरी अंग घासत होती. तिथे काहीच नव्हतं. पलीकडे परसातलं ऊन स्वच्छ दिसत होतं. तरी तिच्या कुशीवरचे केस दाबले जात होते, आणि ती पुढे सरकली की पुन्हा उभे राहत होते.

काकांच्या सदऱ्यावरून पाणी ठिबकत राहिलं.

३

माणूस प्रयोगशाळेत वाढलेला. त्यांनी आधी घारीला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली.

"नजर माझ्यापेक्षा चांगली आहे हो हिची. कशाचा तरी वास येत असेल दारात. फिनेलबिनेल टाकता का?"

काकांनी उंबरा साध्या पाण्याने तीनदा धुतला. घारी पुन्हा थडकली.

पुढच्या दाराने ती बिनदिक्कत जायची. मागच्या दारानेही दुपारी जायची. भांड्यात दाणे नसले, परस रिकामं असलं, तर उंबरा ओलांडून शेपटी उंच करून निघायची. पाखरं उतरली की मात्र थडक. एकदा झालं तर नजरचूक म्हणावी, दोनदा झालं तर योगायोग. नऊ वेळा झालं की काय म्हणायचं, हे शाळेच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

काका स्वतः त्या दाराने ये-जा करून पाहत. त्यांना कशाने अडवलं नाही. फक्त चौथ्या-पाचव्या खेपेला एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. उंबरा दोन बोटांचा, आणि ते पाय चांगला गुडघ्यापर्यंत उचलून टाकत होते. वाटेत कुणी पाय पसरून बसलं असलं की आपण टाकतो ना, तसा.

हात लावून बघणं हा सगळ्यात सोपा प्रयोग होता. तो त्यांनी केला नाही.

४

"आलीस?" असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आठवडाभरात ती लाज गेली.

त्यांनी खुर्ची ओढून दाराशी आणली. सकाळचा चहा तिथे, मग वर्तमानपत्रही तिथेच. बातम्या मोठ्याने वाचायच्या, मध्येच थांबून टोमणा मारायचा. "बाईंकडे एक नवा विद्यार्थी आलाय. सूर काही केल्या लागत नाही, पण हटत नाही पठ्ठ्या." उत्तर यायचं नाही. घारी उंबऱ्याशी अंग घासायची, आणि तेवढं काकांना पुरायचं.

पाखरं पांगली की मात्र दार नुसतं दार होई. ते त्यांना सोसेना. म्हणून त्यांनी दुपारीही दाणे घालायला सुरुवात केली. मग दोन वेळांच्या मध्ये आणखी एकदा. सकाळी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत परसात चिवचिवाट, दार उघडं, घारी आत.

"कमाल केलीत काका!" गाण्याच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या. "एवढी पाखरं समोर नाचतायत आणि मांजर जागची हलत नाही. कशी शिकवलीत हो?"

"मी नाही शिकवली," काका म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी हसले.

महिना झाला असेल. एक दिवस वर्तमानपत्र वाचता वाचता त्यांना आवाज ऐकू आला. बारीक, चिकट आवाज. अनवाणी तळवा फरशीवरून उचलावा आणि पुन्हा टेकावा, तसा. थोड्या वेळाने दुसरा तळवा. बराच वेळ उभं राहिलेलं माणूस भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतं, तसं काहीतरी उंबऱ्यात चाललं होतं. सुरुवातीला अर्ध्या तासाने एकदा यायचा तो आवाज. मग दर दहा मिनिटांनी. मग एकसारखाच येऊ लागला, आणि अधूनमधून दाराची चौकट करकरायची, कुणीतरी खांदा टेकल्यासारखी.

घारीने अंग घासणं सोडलं. ती उंबऱ्यापुढे बसून चाटायची. वीतभर उंचीवर, हवेत, पिल्लाला चाटावं तशी हलकेच. आणि तिथली फरशी ओली राहू लागली. काकांनी ती पुसली. तासाभराने पुन्हा ओली. पाणी असतं तसं ते पाणी नव्हतं, बोटाला जरासं चिकटत होतं.

ते काय आहे हे काकांना पुसतानाच कळलं होतं. त्यांनी फडकं धुतलं, वाळत घातलं आणि आत जाऊन आणखी दाणे आणले.

५

मुलगी दोन दिवसांसाठी आली. आल्या आल्या तिने दार पाहिलं, खुर्ची पाहिली, बापाचा चेहरा पाहिला.

"दिवसभर दार उघडं असतं?"

"पाखरं येतात ना."

"आणि घारी?"

"ती नाही जात."

मुलगी दाराशी गेली आणि एकदम पाय मागे घेतला. "इथे ओलं कसं, बाबा?"

"नळ गळतो."

"नळ तिकडे आहे."

मुलगी वाकली, फरशीला बोट लावलं, दोन बोटांत चोळलं.

"आईच्या पायांतून शेवटी असंच यायचं," ती म्हणाली. "चादरी भिजायच्या."

"हं."

"तुम्हाला एक कधी सांगितलं नाही. तिनेच नको म्हटलं होतं. मला फोनवर म्हणाली, दारात उभी राहिले की पाय नुसते पेटतात गं, काचांवर उभं राहावं तसं होतं. मी म्हटलं, मग बाबांना सांग की दाराशी उभं राहायला. तर म्हणाली..." मुलीने डोळे पुसले आणि हसायचा प्रयत्न केला. "म्हणाली, अगं, त्यांचा चहा निवतो."

तो शेवटचा महिना काकांना लख्ख दिसला. काकू भिंतीला धरून, पाऊल पाऊल मोजत दाराकडे चालल्या आहेत. पायांची सूज इतकी, की घोटा कुठे संपतो आणि पोटरी कुठे सुरू होते ते कळत नाही. आणि खिडकीपाशी बसलेले ते स्वतः. "जप गं," असं ते तेव्हा म्हणाले होते. म्हणाले होते आणि पान उलटलं होतं.

६

दुपारी मुलगी सामान आणायला बाहेर गेली. परसात चिमण्या होत्याच. घारी चाटत होती. काका दाराशी आले, गुडघे टेकून बसले आणि घारीला हलकेच बाजूला केलं.

हात पुढे करायला त्यांना फार वेळ लागला.

आधी बोटांना ऊब लागली. मग ताणलेली, गुळगुळीत, ओलसर कातडी. दिसत काहीच नव्हतं. स्वतःची बोटं, पलीकडे पाण्याची थाळी, थाळीच्या काठावर एक चिमणी. पण हात त्या जागेला ओळखत होता. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडाशी. सूज किती आहे ते कसं बघायचं, हे डॉक्टरांनी त्यांना शिकवलं होतं. अंगठा दाबायचा, सोडायचा, आणि पडलेला खळगा किती वेळात भरतो ते मोजायचं. रोज सकाळी ते मोजायचे. सुरुवातीला दहा आकडे लागत. शेवटच्या आठवड्यात चाळीस.

त्यांनी अंगठा दाबला. तो रुतत गेला. पूर्वी कधीच इतका आत गेला नव्हता. त्यांनी तो उचलला आणि मोजायला लागले. चाळीस झाले. साठ झाले. शंभराच्या पुढे त्यांनी पुन्हा बोट लावून पाहिलं. खळगा तसाच होता. त्याच्या काठातून पाण्याचा एक थेंब आला, हवेतून तिरपा ओघळत खाली उतरला आणि फरशीवर टपकला.

त्यांच्या डोक्याच्या वर कुणीतरी श्वास आत ओढला. दुखलं, पण समोरच्याला कळू नये म्हणून माणूस दात दाबून घेतं, तसा.

"किती वेळ उभी आहेस?" काका म्हणाले.

विचारायची गरज नव्हती. पाखरं आली की ती दारात उभी राहायची, आणि पाखरं दिवसभर यावीत म्हणून दाणे ते स्वतः घालत होते. महिन्याहून जास्त. उजाडल्यापासून मावळेपर्यंत. गप्पा मारायला.

पाय हलला नाही.

७

मुलगी परत आली तेव्हा दार लावलेलं होतं आणि दाण्यांचं भांडं उतरवून ठेवलेलं होतं. "दाराबाहेर जाळी घालायची," काका म्हणाले. "पिंजऱ्यासारखी. घारीने त्यातच ऊन खायचं. आजच्या आज."

जाळीवाल्याला दोन दिवस लागले. पायऱ्यांच्या भोवती लाकडी चौकट, तिला बारीक जाळी, वर छत, घारीला बसायला एक फळी. मुलगीही हाताशी लागली. पुन्हा दाणे घातले, चिमण्या आल्या, काकांनी दार उघडलं. घारी उंबरा ओलांडून सरळ बाहेर गेली, फळीवर चढली आणि जाळीपलीकडच्या चिमण्यांकडे बघत दात कटकटवत बसली. फरशी कोरडी होती.

"छान झालं बाबा," मुलगी जाताना म्हणाली. काकाही तेच म्हणाले. दारात उभी असलेली ती बसली एकदाची, असं त्यांच्या मनात होतं. सुटली.

अकरा दिवस त्यांनी काढले. दारात बसायचे, कान देऊन ऐकायचे. घारी फळीवर पेंगायची. घर इतकं गप्प, की खिडकीवर माशी बसली तरी कळावी. बातम्या मोठ्याने वाचायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला आणि पहिल्याच ओळीत थांबले.

बाराव्या सकाळी त्यांनी जाळीच्या कोपऱ्यातल्या तारा सोडवल्या. मांजर जाईल एवढ्याच. एकदाच बघायचं, असं ते स्वतःला सांगत होते. ती खरंच गेली का, एवढंच. मुलांना नव्हतो का सांगत, की एका खेपेने प्रयोग होत नाही.

त्यांनी दार उघडलं. घारी उंबऱ्यावरून गेली, फटीतून गेली, झुडपात शिरली. काका उंबऱ्याकडे टक लावून बसले. तिथे ऊन होतं. दुसरं काहीच आलं नाही.

थोड्या वेळाने घारी परत आली आणि तिने एक पिल्लू त्यांच्या पायाशी ठेवलं. चोचीच्या कडा अजून पिवळ्या होत्या. काकांनी ते उचललं तेव्हा त्याचं काळीज धडधडत होतं. ओंजळीत असतानाच ते थांबलं.

आता तिथे कुणी नव्हतं, एवढं त्यांना कळलं. ते कळून घ्यायला त्यांनी हे केलं होतं. ते ओंजळीवर वाकले आणि लहान मुलासारखे रडले. मोठ्याने, हुंदके देऊन.

आत, झोपायच्या खोलीत, पलंग करकरला.

काकांचा हुंदका अर्ध्यात थांबला. घरात दुसरं कुणी नव्हतं. चादरीची सळसळ झाली. मग एक पाऊल जमिनीवर टेकलं, जड, सपाट. मग धापेचा आवाज. मग दुसरं पाऊल. मग भिंतीवरून सरकणारा तळहात.

"उठू नकोस!" काका ओरडले.

ते फटीकडे धावले, तारा ओढल्या, नुसत्या बोटांनी पीळ घालायला लागले. मागून पाऊल वाजलं. थांबलं. भिंतीवर हात सरकला. पुन्हा पाऊल. "मी आहे ना इथे," ते मान न वळवता म्हणत होते, "मी बघतो दार. तू पड. ऐक माझं, तू पडून राहा गं." तारेचं टोक बोटात घुसलं. पाऊल खोलीच्या दारापर्यंत आलं. शेवटचा पीळ बसला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांच्या कडेला खोलीचा पडदा होता. खांद्याच्या उंचीवर तो मुठीत धरल्यासारखा चुरगळला होता. पाचही बोटांच्या चुण्या पडल्या होत्या.

"लावली बघ जाळी," काका म्हणाले. "लावली."

चुण्या सावकाश सैल झाल्या. पावलं परत फिरली. आली त्याहून हळू. पलंग पुन्हा करकरला, आणि कितीतरी वेळ चाललेली ती धाप हळूहळू बसत गेली.

काका जागचे हलले नाहीत. पिल्लू पुरायलासुद्धा गेले नाहीत, कारण कुदळीचा आवाज होईल.

संध्याकाळी ते कुंपणाशी गेले. अनवाणी, पाऊल वाजू न देता. पलीकडे गाण्याच्या बाईंचा वर्ग सुरू होत होता. काकांनी खुणेने त्यांना जवळ बोलावलं.

"बाई, थोडे दिवस जरा हळू शिकवाल? खिडक्या लावून?"

"हो, लावते की. का हो, कुणी आलंय का घरी? कुणाचं दुखणंबिखणं?"

काकांनी मागे वळून घराकडे पाहिलं.

"आत्ताच कुठे डोळा लागलाय," ते म्हणाले.

कुणाचा, हे विचारायला बाईंनी तोंड उघडलं. काकांच्या बोटाला गुंडाळलेलं फडकं त्यांना दिसलं, डोळे दिसले. त्या तशाच आत गेल्या आणि एकेक करून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.